राखेनं घासलेल्या बारा काचा

उकव्याला जाते म्हटल्यावर रत्नागिरीत भेटेल तो एकच प्रश्न विचारायचा, "तिथे काय आहे?" आधी हा उकवा कुठे आहे ते सांगावं लागे. मध्यप्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात, जंगलात, मँगनीजच्या खाणीपाशी. मग तिथे माझ्या काचा आहेत, हे सांगावं लागे. त्यानंतर समोरचा माणूस माझ्या प्रकृतीची चौकशी करून काढता पाय घेई.

काचांचं प्रकरण सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. दुकानाच्या काचेत आपल्याला आपलं तोंड दिसतं ना, तो काचेवरून परत फिरलेला उजेड. आरशात बघायला तो बरा, पण सूर्यापासून वीज करणाऱ्या पाटीवर जी काच असते, तिच्यावरून उजेड असा परत गेला की तेवढी वीज बुडाली. म्हणून काचेवर डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ लेप देतात. उजेड मग मुकाट्यानं आत जातो. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं असे लेप करत होते. काच द्रावणात बुडवायची, हळूहळू वर ओढायची आणि भट्टीत भाजायची. प्रश्न एवढाच होता की उन्हापावसात हा लेप टिकतो का. म्हणून तळहाताएवढ्या बारा काचा, बारा निरनिराळ्या तऱ्हांनी लेप दिलेल्या, सागवानी चौकटीत बसवल्या. अशा दोन चौकटी केल्या. एक आमच्या घराच्या गच्चीवर खाऱ्या वाऱ्यात ठेवली आणि दुसरी खाणीची काळी धूळ खायला उकव्याला पाठवली. वर्षभर कुणी हात लावायचा नाही, एवढाच नियम.

आता ते वर्ष भरलं होतं. प्राचार्यांनी सांगून ठेवलं होतं, "बाई, यंदा दाखवण्यासारखं काही निघालं नाही, तर ती खोली संगणकाच्या वर्गाला द्यावी लागेल." तेव्हा सगळ्यांनाच संगणकाचं वेड लागलेलं होतं. माझी भट्टी कोपऱ्यात आणि तिच्या जागी प्लास्टिकच्या टोप्या घातलेली यंत्रं, हे चित्र मला झोपेत दिसायचं आणि झोपेतच मी करकरा दात खायची. दिवाळीपासून त्याचा परिणाम असा झाला की उजव्या कानापुढे जबडा कट्ट वाजायचा आणि तोंड पुरतं उघडेनासं झालं.

माझा धाकटा भाऊ अनंत मुंबईच्या दातांच्या कॉलेजात शिकवतो आणि न उघडणाऱ्या जबड्यांवर संशोधन करतो. त्यानं मला तीन बोटं एकावर एक उभी तोंडात घालायला सांगितलं. निरोगी माणसाची जातात म्हणे. माझी दोन गेली.

"तुझ्या काचांनी तुझा जबडा खाल्ला, ताई," तो म्हणाला. आणि सोबत यायला तयारही झाला, कारण त्या मुलखात सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळून तोंड बंद झालेली माणसं पुष्कळ भेटतील असं त्याला कुणी तरी सांगितलं होतं. एखाद्या गावाला जायचं हे कारण आमच्याच घराण्यात चालेल. सोबत त्यानं आपला लेझर घेतला. जाड पेनासारखं ते यंत्र, बॅटरीवर चालणारं, त्याचा लाल किरण दुखऱ्या सांध्यावर धरायचा. त्यानं गुण येतो की नाही, हेच तो तपासत होता. त्यातल्या भिंगावरचा लेप मी दिलेला, त्यामुळे यंत्रात निम्मा हक्क माझा, असं मी मानते.

गोंदियापासून पुढे

गोंदियाला मोठी गाडी सोडली आणि छोट्या गाडीत बसलो. तेव्हा बालाघाटला अरुंद रुळांवरची गाडीच जायची. डबा इतका आटोपशीर की समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे आपोआप ओळख करून घेतात. जानेवारीचं ऊन छान पडलं होतं. दोन्ही बाजूंना कापून झालेली धानाची शेतं. आम्हा कोकणातल्या लोकांना वाटतं की भात म्हणजे आपणच. इथे क्षितिजापर्यंत बांधच बांध पाहून मी तो दावा मागे घेतला.

माझ्या पायाशी नव्या काचांची आणि रिकाम्या चौकटीची पेटी होती, पुढच्या वर्षासाठी आणलेली. एक बाई चढली आणि तिनं शिंगाड्यांची भरलेली टोपली बरोबर त्या पेटीवर ठेवली. मी किंचाळले. म्हणजे दोन बोटांच्या तोंडातून निघेल तेवढं किंचाळले.

"काय हाय वं त्यात?" तिनं टोपली न हलवता विचारलं.

"काचा आहेत."

"काचा? तं मंग खाली काहून ठेवल्या? मांडीवर घे ना!"

बालाघाटपर्यंत पेटी माझ्या मांडीवर आणि टोपली माझ्या पायांवर होती. उतरताना तिनं ओंजळभर उकडलेले शिंगाडे माझ्या पदरात टाकले आणि पैसे काढायला लागले तर रागावली. शिंगाडा गोड होता. तो पुढच्या दातांनी उंदरासारखा कुरतडून खावा लागला, ही गोष्ट वेगळी.

बालाघाट हे ऐटबाज नसलेलं, स्वच्छ उन्हाचं गाव. बोलणं सगळं हिंदीत आणि मध्येच एखादं घर अस्सल मराठी निघतं. सकाळी स्टेशनाजवळच्या हॉटेलात पोहे आणि जिलेबी एकाच ताटलीत मिळाली. आमच्याकडे हे दोन पदार्थ एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. अनंतनं जिलेबी अख्खी तोंडात टाकली. मी तिचे तुकडे करत बसले, तेव्हा हॉटेलवाला काळजीनं म्हणाला, "बहेनजी, कडक झाली का?"

परसवाड्याचा बाजार

परसवाड्याला त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. अनंतची तिथल्या दवाखान्यातल्या एकाशी पत्रानं ओळख झालेली होती. त्यानं चिंचेखाली एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. अनंतनं कुणाला भाषण दिलं नाही. खुर्चीत बसला, आपली तीन बोटं उभी केली, आपल्याच तोंडात घातली आणि समोरच्या माणसाकडे बघितलं.

असं करणाऱ्या माणसाभोवती बाजारात गर्दी न जमली तरच नवल. पंधरा मिनिटांत सगळा बाजार तोंडात बोटं घालून उभा होता. भाजीवाल्या एकमेकींची मापं घेत होत्या. मेथीच्या जुड्या विकणाऱ्या एका म्हाताऱ्याची चार बोटं गेली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो लाजला आणि मेथी स्वस्त केली.

पण हसता हसता माझ्या लक्षात आलं की ज्यांची बोटं अडतात ते बहुतेक तरणे होते. खर्ऱ्याच्या ठेल्यावरचा दुकानदार, तिशीही न गाठलेला, मागे मागे उभा होता. अनंतनं त्याला बोलावलं. कसंबसं दीड बोट गेलं. आतला गाल हाताला चामड्यासारखा लागला, असं अनंत मला नंतर म्हणाला.

"डाक्टरसाब, मले दुखत काही नाही," तो म्हणाला. "फकत जिलेबी पुरी नाही जात. तुकडे करून खातो."

मी खाली मान घातली. सकाळची माझी जिलेबी मला आठवली.

"खर्रा सोडशील?" अनंतनं विचारलं.

"मी खाणं सोडन, साब. पण इकणं सोडलं तं घरचे काय खातीन?"

अनंतनं चिठ्ठीचा कागद काढला. त्यानं त्याला तोंड उघडण्याचे व्यायाम दाखवले, बालाघाटच्या मोठ्या दवाखान्यात कुणाला भेटायचं ते लिहून दिलं. तो माणूस आम्ही बसमध्ये बसेपर्यंत ठेल्यामागे उभा राहून ते व्यायाम करत होता. गिऱ्हाइकं थांबली होती. मला त्याचं फार बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

उकवा

बस जंगलातून चढत जाते. सागाची पानं वाळून बशीएवढी झालेली, बांबूची बेटं, मध्येच वानरांची सभा. आणि मग रस्ता काळा होत जातो. डांबरानं नव्हे, धुळीनं. खाणीचे ट्रक जातात त्या रस्त्याकडेची झाडंसुद्धा राखाडी दिसत होती. आमच्याकडे जांभ्याची लाल धूळ, इथे मँगनीजची काळी. मी खिडकीतून ती धूळ बघून खूश होत होते. मनात म्हणत होते, खा बाई काचांनो, पोटभर खा.

नलिनी बसथांब्यावर आली होती. आम्ही दोघी नागपूरच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो होतो. ती इथे शाळेत शिकवते, नवरा खाणीत कामाला आहे. तो त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला होता, त्यामुळे त्याची भेट जाता-येताच झाली. घरात तिसरं माणूस म्हणजे तिची सासू. सगळं गाव तिला माय म्हणतं.

"मंदे, किती वाळली वं तू!" नलिनी म्हणाली. "आन तोंड असं काहून करून राह्यली?"

"लांबची गोष्ट आहे. आधी काचा दाखव."

घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, अंगण शेणानं सारवलेलं. दारातच माय उभ्या होत्या. बारीक, ताठ, कपाळावर पांढऱ्या केसांची बट. घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि त्या तसबिरींच्या काचा अशा की त्यात मला माझं तोंड स्पष्ट दिसलं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पाणी भरायचे पितळेचे गुंड मांडणीवर झगझगत होते. बाहेर सगळं गाव काळपट आणि या घरात काळ्याचा ठिपका नाही. मायचं त्या धुळीशी जन्माचं वैर होतं, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

"चाय नंतर," माय म्हणाल्या. "आधी तुही चीज पाहून घे. जशी देल्ली तशी हाय. उलटी त्याच्याहून चांगली."

अंगणात वाळवणं घालायचा मांडव होता, त्यावर माझी चौकट. मी स्टुलावर चढले. बाराच्या बारा काचा लखलखत होत्या. एका कोपऱ्यातही धूळ नाही. सागवानी लाकूडसुद्धा तेलपाणी करून तुकतुकीत केलेलं.

"हे... कुणी केलं?"

"मीनं," माय खालून म्हणाल्या, आणि त्या एका शब्दात इतका आनंद होता की मी चौकटीचा कोपरा घट्ट धरला. "दर बाजाराच्या दिवशी भांडे घासतो ना, तवा हेबी घासतो. राख आन तणस. वर्ष झालं, येक बाजार चुकला नाही. त्या धुळीनं पाह्य कशा आंधळ्या व्हाच्या बिचाऱ्या!"

राख आणि भाताचा पेंढा. जो लेप बोटानं पुसायलाही मी धजत नसे, त्याच्यावर वर्षभर राख आणि पेंढा.

मी नलिनीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माय, म्या तुमाले सांगतलं होतं ना, कोणी हात नाही लावाचा म्हणून?"

"हौ. नाहीच लावू देला. वानरायले नाही, गल्लीतल्या पोरायले नाही." माय म्हणाल्या. "पण मी काय कोणी हावो? घरातली हावो. दुसऱ्याची चीज आपल्या घरी राह्यली, तं ते वापस देताना मळकी देत असतेत का?"

मी स्टुलावरून उतरले. "छान ठेवल्यात हो माय," एवढं म्हटलं आणि त्याच वेळी माझा जबडा आतून कुणी खिट्टी घालावी तसा अडकला. बोट घालून बघितलं तर एक गेलं, दुसरं नाही.

जेवण, आणि न जेवणं

त्या दुपारचं जेवण मी लिहिते आहे ते आठवणीपेक्षा वासाच्या जोरावर. चिन्नोर तांदळाचा भात, जो शिजताना अंगणात वास जातो. वाफाळलेली लाखोरी डाळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी, वांग्याचं लसणीचं भरीत, ताक. आम्ही भातावर आमटी आणि मासा घालून भाताला झाकून टाकतो. इथे पहिला घास नुसता भाताचाच खायचा. मी तो भात कालवून कालवून, चिमटीनं आत सरकवत होते आणि डोळ्यांत पाणी येत होतं. माय समजल्या की मिरची लागली.

"थोडं तूप वाढ वं हिले," त्या नलिनीला म्हणाल्या.

मी ठरवलं होतं की या बाईला काहीही कळू द्यायचं नाही. गेलं ते गेलं. प्रयोगाची खोली जाईल, भट्टी जाईल, मी मुलांना वायरी जोडायला शिकवीन. पण मी अनंतला काही सांगितलं नव्हतं. तो तोवर शाळेतल्या पोरांची तोंडं बघायला गेला होता. तो आला, मांडवाकडे बघितलं, काचा बघितल्या आणि सरळ म्हणाला, "अहो माय, हे काय केलंत? ताईचं वर्षभराचं काम धुऊन टाकलंत की!"

मी त्याला चिमटा काढला, पण तो उशिरा बसला.

मायनं हातातली पळी खाली ठेवली. त्यांनी नलिनीकडे बघितलं. नलिनीनं मान खाली घातली. मग त्यांनी आपलं वाढून घेतलेलं ताट तसंच झाकलं आणि मागच्या दारी जाऊन धानाच्या रिकाम्या पोत्यावर बसल्या. तिथे बसून त्या आपल्या हातांकडे बघत होत्या. मला माझ्या काचांपेक्षा ते बघवेना.

मी जाऊन शेजारी बसले. "माय, जेवा."

"कशी जेवू? तुह्या घरचं खराब केलं मीनं. आमच्या घरी आजलोक कोणाची चीज खराब नाही झाली." मग त्या म्हणाल्या, "पुरी गेली का, का काही राह्यलं असन?"

खरं सांगते, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. बघितल्याबरोबर मी रडायला लागले होते. शास्त्र शिकवणाऱ्या बाईनं मोजल्याशिवाय रडू नये, असं मीच मुलांना सांगत असते.

"बघू या," मी म्हटलं. "चला, तुम्ही काचा धरा."

धान्याच्या खोलीत

घराच्या आत एक धान्याची खोली होती. खिडकी नाही, दोन मोठ्या कणग्या आणि चुन्यानं पोतारलेली भिंत. दार लावलं की भरदुपारी अंधार. रत्नागिरीची माझी प्रयोगशाळा इतकी अंधारी कधीच होत नाही. तिथे तांदळाचा वासही नसतो.

चौकटीतून सोडवलेल्या काचा तिथे मांडल्या. तपासणी अगदी साधी होती. अनंत लेझर धरणार. किरण काचेवर पडला की थोडा उजेड परत फिरून मागच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो. लेप धड असेल तर ठिपका अगदी मंद, लेप गेला असेल तर ठळक. "लेझरकडे कुणी बघायचं नाही, फक्त भिंतीकडे बघायचं," अनंतनं बजावलं. आधी मी एक साधी कोरी काच दिली. भिंतीवर कुंकवाच्या टिकलीएवढा लालभडक ठिपका उमटला. मग पेटीतली नवी, लेप दिलेली काच. ठिपका असून नसल्यासारखा.

"आता आपल्या लावा, माय."

मायनं पहिली काच धरली. भिंतीवर लालभडक टिकली.

"हे?"

"गेली," मी म्हटलं.

दुसरी. टिकली. तिसरी. टिकली. नलिनी प्रत्येक वेळी "अरे देवा" म्हणत होती. मायचा क्रम ठरला. काच उचलायची, धरायची, भिंतीकडे बघायचं, डाव्या हाताला ठेवून द्यायची. प्रयोगशाळेत मी ज्या लेपांवर सगळ्यात जास्त भिस्त ठेवली होती, ज्यांच्यासाठी मी उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवल्या होत्या, त्या सगळ्यांनी भिंतीवर एकापाठोपाठ एक टिकल्या लावल्या. डावीकडची चळत वाढत गेली.

शेवटची काच मायनं धरली. अनंतनं लेझर सुरू केला. भिंत पांढरीच राहिली.

"लेझर बंद पडला का रे?" मी विचारलं.

"सुरू आहे, ताई."

"हे तं पुरीच खराब झाली वाटते," माय रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "बाकीच्यायचा उजेड तरी पडत होता. हिचा तं तोबी नाही."

मी पुढे झाले. डोळे बारीक करून बघितलं. होता. नव्या काचेपेक्षा जरासा जास्त, पण मंद. काचेच्या कोपऱ्यात मी हिऱ्याच्या टोकानं आकडा कोरलेला असतो, तो दाराच्या फटीतल्या उजेडात वाचला. बारा.

बारा नंबरची काच मी नाइलाजानं घातलेली होती. त्या दिवशी भट्टीचं बटण बिघडलं आणि काच नको तितकी भाजली गेली. मी ती फेकायला निघाले होते, पण चौकटीत एक घर रिकामं राहत होतं आणि तिथून पाणी आत गेलं असतं, म्हणून ती बसवली. जास्त भाजल्यानं लेप जरा घट्ट झाला, उजेड आत सोडण्यात नव्याहून जरा उणा पडला, आणि वर्षभर राख आणि पेंढा खाऊनही जागेवर राहिला. कुठल्याही घरावर पाटी लावा, घरातली बाई ती घासणारच. आमच्या गच्चीवरची चौकट शंभर वर्षं ठेवली असती तरी तिनं मला हे सांगितलं नसतं.

"माय," मी म्हटलं, "ही खराब नाही. हीच एक चांगली आहे! उजेड आत गेला म्हणून भिंतीवर नाही पडला!"

"म्हंजे काळी नाही, पांढरी नाही, काही नाही दिसलं तं चांगली?"

"हो!"

"मंग आदी काहून नाही सांगतलं वं?" माय कडाडल्या. "माह्या जिवाचं पानी पानी झालं ना इथं!"

आणि मला हसू फुटलं. असं हसू की कणगीला धरून उभं राहावं लागलं. हसता हसता कानापाशी कट्ट असा आवाज झाला आणि खिट्टी निघाली. अनंतनं अंधारातच माझा चेहरा धरला. "बोटं घाल. बोटं घाल, ताई!" एक, दोन, तीन. तिन्ही.

"लेझरचा गुण!" तो ओरडला. "सकाळीच दिला होता मी तुला!"

"माझ्या काचेचा गुण!"

"आता झालं का, हे मला कुठे लिहिताच येणार नाही," तो खट्टू होऊन म्हणाला. "कशानं उघडलं कुणी सांगावं? तुला मोजणीतून वगळावं लागणार."

मायनं दार उघडलं. उजेडात त्यांनी स्वतःची बोटं तोंडात घालून बघितली, नलिनीनं त्यांना तो खेळ सांगितलेला होता. चार गेली. "मी काही खात नाही ना," त्या म्हणाल्या. "फकत थोडासा गुडाखू लावतो दाताले." गुडाखू म्हणजे दातांना चोळायची तंबाखूची मशेरी. अनंतनं कपाळावर हात मारला. मग मायनं आपलं झाकलेलं ताट उघडलं, माझंही नव्यानं वाढलं आणि आम्ही दोघी जेवलो. या खेपेला भाताची चव लागली.

परतताना

दुसऱ्या दिवशी नवी चौकट मांडवावर चढवली. पेटीत बारा तऱ्हांच्या काचा होत्या, पण आता मला त्यातल्या जास्त भाजलेल्या हव्या होत्या. त्या तीनच निघाल्या, बाकीच्या जागी नेहमीसारख्या भाजलेल्याच घातल्या. खरी अडचण वेगळीच होती. माय चौकटीला हात लावायला तयार नव्हत्या.

"मी नाही आता. तू सांगतलं होतं हात नोको लावू म्हणून."

"आता सांगते, लावा. दर बाजाराच्या दिवशी. अगदी तशाच."

"खराब झाली तं?"

"झाली तर कळेल ना, किती दिवसांत होते ते."

आपली वस्तू कुणी मुद्दाम खराब करून मागतं, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. "तुमचं शिकणं मले काही समजत नाही," त्या म्हणाल्या, पण तणसाची एक छोटी गुंडी वळून मांडवाच्या खांबाला अडकवून ठेवली.

निघताना जुनी चौकट त्यांनी माझ्या हातात दिली. पुन्हा एकदा घासलेली. बारा नंबरच्या काचेला मात्र हात लावला नव्हता, तिला स्वच्छ फडक्यात गुंडाळली होती. चौकटीबरोबर चिन्नोर तांदळाची पिशवी. दुसऱ्याचं भांडं परत देताना रिकामं देत नाहीत, ही रीत आमच्याकडेही आहे. आई शेजारणीच्या वाटीत चार आमसुलं तरी घालायची. काचेच्या चौकटीला भांड्याचा मान मिळालेला मात्र मी प्रथमच पाहिला. नलिनी माझ्या गळ्यात पडली. वसतिगृहात असताना जशी पडायची तशीच, नाक ओढत.

बस भरली. मी खिडकीत बसले. प्राचार्यांना काय सांगायचं, ते मनात जुळवत होते. अकरा गेल्या, एक राहिली, आणि ती एक पुरेशी आहे. खोली मिळेल की नाही ते माहीत नव्हतं, पण सांगायला तोंड उघडत होतं, हे काय थोडं झालं! ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. तेवढ्यात माय पदर सावरत, जवळजवळ धावत खिडकीशी आल्या.

"पोरी, येक इचाराचं राह्यलं! राख कोण्या लाकडाची घेऊ? सागाची का धावड्याची? धावड्याची लय घासते. मांगच्या साली तं चुलीत जे असन ते घेत होती मी!"

माझा आ वासला. हे मला सुचलंच नव्हतं. अनंतनं माझ्याकडे वळून बघितलं, आपली बोटं माझ्या उघड्या तोंडासमोर धरली आणि म्हणाला, "साडेतीन."

बस हलली. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले. "डावीकडच्या काचांना सागाची, माय! उजवीकडच्यांना धावड्याची!"

"हौ!" त्यांनी हात वर केला, जणू मी भाजीत मीठ किती ते सांगितलं होतं.

समोरून खाणीचा ट्रक आला आणि काळ्या धुळीचा लोट खिडकीत घुसला. सगळ्यांनी तोंडं मिटून पदर-रुमाल लावले. मी तशीच हसत राहिले, आणि दातांवर खरखर जाणवली तरी तोंड मिटावंसं वाटेना.